दहावा माणूस हजेरीवर घ्यायचा की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाडला बेकरीचं युनिट, विश्रामबागला दुकान, दोन्हीकडे मिळून ७ माणसं. त्यातले दोघं वडिलांच्या वेळेपासूनचे, बारा वर्षं झालेले. दिवाळीच्या तोंडावर आणखी ४ जण घ्यायचे आहेत. ओळखीच्या एकाने सांगितलं, "नऊच्या वर कागदावर दाखवू नका, दुकान मिसेसच्या नावावर करा, म्हणजे कुठलाच कायदा लागत नाही." हे बरोबर आहे का, आणि दहा झाले तर नेमकं किती महाग पडेल, असं तुम्ही विचारलंय.

सांगली जिल्ह्यात कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून माझा बराचसा वेळ तुमच्यासारख्यांसोबतच जातो. बेदाण्याचं पॅकिंग, हळदीची गिरणी, विट्याचे यंत्रमाग, एमआयडीसीतली फॅब्रिकेशनची शेड, पेठेतली दुकानं. गणपती झाले की हा दहाव्या माणसाचा प्रश्न हमखास येतो. त्यात एक गृहीत धरलेलं असतं की नऊपर्यंत आपण कायद्याच्या बाहेर आहोत. तुमची खरी अडचण तिथेच आहे. आज ७ माणसं असताना जे तुम्हाला लागू आहे, त्यातलं तुमच्या प्रश्नात काहीच नाही. म्हणून आधी सातांचं बोलू, मग दहाचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता असे चार विषय. जुने एकोणतीस कायदे त्यात गेले. त्याखालचे नियम टप्प्याटप्प्याने येतात, आणि नवे नियम येईपर्यंत जुने नियम, जिथे संहितेशी विसंगत नाहीत तिथे, चालू राहतात. त्यामुळे कुठला फॉर्म, कुठलं पोर्टल, किती दिवसांत, हे अर्ज करायच्या दिवशी बघून घ्या. खाली मी जे सांगतोय तो मूळ हिशोब आहे, तो फॉर्मच्या नंबरांवर अवलंबून नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा राज्याचा आहे, तो या संहितांत गेलेला नाही.

आता पहिल्या माणसापासून काय लागतं ते.

किमान वेतन. याला माणसांची खालची मर्यादाच नाही. एक पोऱ्या ठेवला तरी लागू. राज्याने प्रत्येक प्रकारच्या धंद्यासाठी वेगळे दर ठरवलेत, त्यात गावाप्रमाणे परिमंडळं आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग. मूळ दर वर्षानुवर्षं तोच राहतो, पण त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. लोक इथेच अडकतात. दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी विचारून पगार बरोबर लावलेला असतो आणि मधल्या काळात भत्ता वाढल्याने तो आपोआप कमी पडायला लागतो. तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. बेकरी हा वेगळा धंदा म्हणून यादीत आहे, दुकान वेगळं. भट्टीवरचा कारागीर आणि काउंटरवरचा मुलगा यांचे दर वेगवेगळ्या तक्त्यांतून काढावे लागतील. भट्टीवरचा माणूस अकुशल दाखवू नका. खारीचे पदर सोडवणारा माणूस अकुशल आहे हे कुणाला पटणार?

कारागीर युनिटच्या वरच्या खोलीत राहत असेल तर त्या खोलीचं भाडं पगारात धरून "एवढं मिळून किमान वेतन होतं" असं म्हणता येत नाही. राहण्याची सोय वेतनाच्या व्याख्येतच धरलेली नाही. जेवणाचंही मी तेच सांगतो: द्यायचं तर वर द्या, पगारातून वजा करू नका.

पगार कधी द्यायचा? महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आपल्याकडे दहा तारखेची सवय आहे, ती मोडा. माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला, तर त्याचा सगळा वेतनाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. जादा कामाचा दर दुप्पट. पगाराची चिठ्ठी द्यायची, कागदावर किंवा मोबाईलवर.

आता या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं एक कलम, ज्याची चर्चा फार कमी होते. वेतन संहितेप्रमाणे कामगाराने पगार, बोनस वगैरे थकल्याचा दावा केला, तर ते दिलंय हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. दिलं नाही हे त्याने सिद्ध करायचं नसून, दिलं हे तुम्ही दाखवायचं. दाव्याची मुदत तीन वर्षं. आणि कमी दिलं असं ठरलं, तर फरकाच्या वर दहा पटीपर्यंत भरपाई लावायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. साताऱ्याच्या एका दुकानदाराचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. माणूस सहा वर्षं कामाला, मालकाने एकही पगार बुडवलेला नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पुरावा म्हणून त्यांनी एक जाड डायरी पुढे केली. त्यात "राजू ५००", "राजू २०००", "राजू गावाला ३०००" अशा नोंदी. काहींना तारीख, काहींना नाही. सही एकाही ओळीला नाही. निम्मे पैसे मालकाच्या जीपेवरून, काही मुलाच्या जीपेवरून, दोन-तीन वेळा राजूच्या मेव्हण्याच्या नंबरवर. यातली उचल कुठली, पगार कुठला, दिवाळीचे कुठले, हे मालकालाच सांगता येईना. शेवटी तडजोडीत जी रक्कम द्यावी लागली ती दिलेल्याच पगाराची दुसऱ्यांदा दिलेली किंमत होती. तो माणूस वाईट होता असंही नाही. त्याला कुणीतरी सांगितलं, दावा लाव, आणि दुसऱ्या बाजूला कागदच नव्हता.

म्हणून माझ्या अशिलांना मी पहिल्या दिवशी तीन गोष्टी करायला लावतो. एका पानाचं नेमणूक पत्र, मराठीत: नाव, काम, लागल्याची तारीख, पगार, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, दोघांच्या सह्या. आता नव्या संहितेने ते बंधनकारकच केलंय, पण नसतं केलं तरी मी हेच सांगितलं असतं. दुसरं, हजेरीपत्रक, ज्यात रोजची खूण रोज होते. महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेलं मस्टर कुठल्याही अधिकाऱ्याला लांबून ओळखता येतं. तिसरं, पगार धंद्याच्या खात्यावरून त्याच माणसाच्या खात्यावर, महिन्यातून एकदा, आणि पगारपत्रकावर सही. मध्ये दिलेले पाचशे-हजार वेगळ्या व्हाऊचरवर, "उचल" असं लिहून.

उचलीचं आलंच म्हणून सांगतो, आपल्या भागात हा मोठा विषय आहे. ऊसतोडीची सवय सगळीकडे पसरली आहे. माणूस लागतानाच वीस-तीस हजार मागतो आणि द्यावेही लागतात. देण्यात गैर काही नाही. पगारातून ते हप्त्याने कापता येतात, मात्र एका महिन्याची सगळी मिळून कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. अडचण कुठे होते? "उचल फिटेपर्यंत काम सोडायचं नाही" असं लिहून घेतलं, आधारकार्ड किंवा मार्कशीटची मूळ प्रत कपाटात ठेवली, कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली, की तुम्ही १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या वाटेवर जाता. तो फौजदारी मामला आहे. माणूस उचल घेऊन पळाला तर पैसे वसूल करायला दिवाणी मार्ग आहे, तो कटकटीचा आहे हे मलाही माहीत आहे. त्यामुळे माझा व्यवहारी सल्ला एवढाच की बुडाली तर रात्रीची झोप जाणार नाही इतकीच उचल द्या. आणि करपलेल्या मालाचे पैसे सरसकट कापू नका. नुकसान त्याच्या हलगर्जीपणाने झालं हे त्याला विचारून, त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ती कपात बेकायदेशीर ठरते.

वयाचं एका ओळीत: १४ वर्षांखालचं मूल कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही. १४ ते १८ मध्ये धोक्याचं काम नाही. भट्टी आणि मशीन असलेल्या जागी मी अठराच्या आतला मुलगा ठेवूच देत नाही, मग तो दिवाळीच्या सुट्टीत गावाकडून आलेला भाचा का असेना.

आता येतो अपघात. सात माणसांच्या बेकरीत मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. तुमच्याकडे कणीक मळायचं मशीन आहे, विजेवरचं. कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, चूक मालकाची असो वा नसो. रक्कम कायद्यातल्या सूत्राने निघते. पगार १४,००० आणि वय ३० धरू. त्या वयाचा गुणक २०७.९८. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मे, म्हणजे ७,००० गुणिले २०७.९८, साधारण १४ लाख ५५ हजार. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्क्यांवरून, १७ लाख ४७ हजार. तर्जनी पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात तिचं प्रमाण १४ टक्के लिहिलेलं आहे. १७ लाख ४७ हजारांचे १४ टक्के, म्हणजे २ लाख ४४ हजारांच्या पुढे. एका बोटाचे. शिवाय दवाखान्याचा खर्च वेगळा. महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळली तर निम्म्यापर्यंत दंड वर.

यावर दोन रस्ते आहेत. एक, कर्मचारी भरपाईचा विमा, बाजारात लोक त्याला वर्कमेन पॉलिसी म्हणतात. तुमच्या आगीच्या विम्यात हे येत नाही, ते तपासा. घेताना दवाखान्याच्या खर्चाचं कलम वेगळं मागून घ्या. आणि विम्यावर माणसांची संख्या आणि पगार खरे लिहा. ७ असताना ४ चा हप्ता भरला, तर अपघात नेमका कुणाचा झाला यावर विमा कंपनी वाद घालणार. दुसरा रस्ता ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, त्याकडे आता येतो, कारण तोच दहाच्या आकड्याशी जोडलेला आहे.

दहा मोजायचे कसे? तुमच्या स्नेह्यांचा सल्ला इथे कोसळतो. ईएसआय आणि पीएफसाठी कायम, हंगामी, रोजंदार, अर्धवेळ, ठेकेदारामार्फत आलेला, सगळे मोजले जातात. मालक स्वतः मोजला जात नाही. युनिट आणि दुकान एकाच मालकाचं असेल, तर ते एकच आस्थापना. ७ अधिक ४ म्हणजे ११, कुठे किती बसतात याला अर्थ नाही.

मिसेसच्या नावावर दुकान करण्याबद्दल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, सरसकट खोटंच असतं असं मी म्हणणार नाही. त्यांचा खरोखर वेगळा धंदा असेल, वेगळी माणसं, वेगळं खातं, वेगळा माल, तर तो वेगळा. पण दुकानात माल तुमच्याच भट्टीचा, पगार तुमच्याच खात्यातून, गर्दीच्या दिवशी युनिटचा मुलगा दुकानात आणि दुकानातला पॅकिंगला, असं असेल तर अधिकारी मालकाचं नाव बघतच नाहीत. पैसा, माणसं आणि कारभार एक आहे का, एवढंच बघतात. कामगाराला दोन प्रश्न विचारले की पाच मिनिटांत उलगडा होतो.

आणि लपवलेला माणूस सापडला तर? ईएसआय, पीएफची वसुली पाच वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते. त्यात कामगाराचा हिस्साही तुमच्याच खिशातून जातो, कारण त्या त्या महिन्याच्या पगारातून तो कापला नसेल तर नंतर त्याच्याकडून घेता येत नाही. वर व्याज आणि थकवल्याबद्दलचा दंड. मला यात भीती घालायची नाही. तपासणी रोज होत नाही, अनेकजण वर्षानुवर्षं असं चालवतात. मात्र लपवलेला माणूस उघड होतो तो बहुतेक वेळा तपासणीतून नाही, त्याच्या तक्रारीतून किंवा अपघातातून. म्हणजे नेमका अशा दिवशी, जेव्हा तुम्हाला कागद सर्वात जास्त हवा असतो.

दहा झाले की ईएसआय लागते. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. ११ जण, सरासरी १४,००० धरले तर महिन्याचा पगार १ लाख ५४ हजार, तुमचा भाग ५,००५ रुपये. प्रत्येकाच्या पगारातून १०५. भरायची तारीख पुढच्या महिन्याची १५. तुम्ही विचारलेला "किती महाग" याचं पहिलं उत्तर हे. ट्रेभर टोस्टच्या हिशोबात तुम्हीच बघा.

त्याच्या बदल्यात काय मिळतं? कामावरच्या अपघाताची भरपाई ईएसआय महामंडळ देतं, तुमच्यावरची ती पंधरा-सतरा लाखांची जबाबदारी उतरते. पॅकिंगच्या बायकांची प्रसूती रजा, २६ आठवड्यांची, तीही ईएसआय देते. दहाच्या वर असून ईएसआयमध्ये नसाल, तर तो पगार तुम्ही द्यायचा. कामगाराच्या घरच्यांनाही उपचार मिळतात. सेवा कशी मिळते, दवाखाना किती लांब, यावर लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. तरी मालक म्हणून विचाराल, तर छोट्या धंद्याला कामगार कायद्यात एवढं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. पूर्वी ईएसआय ठरावीक अधिसूचित भागांतच होती, सामाजिक सुरक्षा संहितेने ती देशभर केली. दहापेक्षा कमी माणसं असली तरी कामगारांच्या संमतीने स्वेच्छेने जाता येतं. सात माणसांवरही मी तुम्हाला हा विचार करायला सांगेन.

दहावर आणखी एक गोष्ट. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती करावी लागते, अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. दहाच्या खाली असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. अकरा जणांच्या बेकरीत ज्येष्ठ महिला कोण, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. वरिष्ठ पदावरची महिला नसेल तर कायद्याने दुसऱ्या कार्यालयातून किंवा संस्थेतून घ्यायची मुभा दिली आहे.

दुकाने कायद्याचं उलट आहे. २०१७ च्या कायद्यात नोंदणीची रेघ दहावर होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती विसावर नेली. त्याखालच्यांनी ऑनलाइन सूचना द्यायची, झालं. पण पाटी मराठीत, हे सगळ्यांनाच. बेकरीचं युनिट वीजेवर चालतं म्हणून कारखाना होतो का, असंही तुम्ही विचारलंत. महाराष्ट्रात विजेसह २० कामगार झाल्यावर कारखाना. तुम्ही अजून लांब आहात.

वीसचं पटकन उरकतो, कारण ते आज तुमचं नाही. २० झाले की पीएफ: दोघांचे १२-१२ टक्के, मालकाचा खर्च विमा आणि प्रशासकीय आकार धरून साधारण १३ टक्के. बोनसही २० वर, किमान ८.३३ टक्के. त्याखाली दिवाळीला तुम्ही जे देता ती तुमची खुशी, फक्त व्हाऊचरवर "पगार" असं लिहू नका. व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी हे दोन किरकोळ पण विसरले जाणारे. व्यवसाय कर पुरुषांना महिना ७,५०० च्या वर, महिलांना २५,००० च्या वर. कापून भरायला मालकाची वेगळी नोंदणी लागते. कल्याण निधी ५ माणसांपासून, म्हणजे तुम्हाला आजच लागू, जून आणि डिसेंबरला प्रत्येकी कामगाराचे २५ आणि तुमचे ७५ रुपये.

माणूस काढण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण नवी चार माणसं घेतल्यावर त्यातला एखादा नकोसा होणारच. वर्षभर, म्हणजे कायद्याच्या मोजणीने २४० दिवस, भरलेला कामगार कमी करायचा तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई. याला दहा-वीसची मर्यादा नाही. चोरी किंवा मारामारी असेल तर लेखी आरोप, त्याचा खुलासा, चौकशी, मग निर्णय. "उद्यापासून येऊ नको" हे तोंडी वाक्य सगळ्यात महागात पडतं. उलट बाजूने, माणूस न सांगता यायचा बंद झाला, तर गप्प बसू नका. तिसऱ्या-चौथ्या खाड्याला त्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र टाका: अमुक तारखेपासून गैरहजर आहात, कामावर हजर व्हा. आठ दिवसांनी दुसरं. पोचपावत्या जपून ठेवा. सहा महिन्यांनी "मालकाने काढलं" असा दावा आला, तर ती दोन पत्रं वकिलाच्या युक्तिवादापेक्षा जास्त कामाची ठरतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दिवाळीपुरते चार हवेत की कायमचे? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर आहे.

फक्त दिवाळीच्या दीड-दोन महिन्यांसाठी हवे असतील, तर प्रामाणिकपणे ९ वर थांबणं हा एक रस्ता आहे. दोन माणसं घ्या, बाकीचं काम जुन्यांना दुप्पट दराने जादा काम देऊन करून घ्या, त्यांच्या तब्येतीला आणि तासांच्या मर्यादेला झेपेल एवढंच. यात लपवाछपवी काही नाही. ९ ठेवणं कायदेशीर आहे. ११ ठेवून ९ लिहिणं नाही.

कायमचे हवे असतील, धंदा तेवढा वाढला असेल, तर ११ सरळ घ्या आणि पहिल्या महिन्यापासून ईएसआय करा. एकदा लागू झालेली ईएसआय पुढे माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्या.

आणि यातली एक बाब तुमच्या स्नेह्यांनी सांगितली नाही, जी ईएसआयपेक्षा मोठी आहे. ग्रॅच्युइटी. तीही दहावर लागते, आणि तिथे मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा झाले असले तरी पुरतं. दिवाळीचे दहा दिवस अकरा जण होते, एवढ्यानेही ती दारात येते, आणि आली की जात नाही. पाच वर्षं भरलेल्याला सोडताना प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला आता एक वर्षही पुरतं. नोकरीची मोजणी माणूस लागल्या दिवसापासून, दहावा आला त्या दिवसापासून नाही.

तुमच्या वडिलांच्या वेळच्या दोघांचा हिशोब मांडा. १४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२ वर्षं: ९६,९२३ रुपये एकाचे. दोघांचे मिळून दोन लाखांच्या जवळ, आणि पगार वाढेल तसा मागचाही आकडा वाढतो, कारण शेवटच्या पगारावर सगळी वर्षं मोजतात. ते उद्या मागणार नाहीत. पण निवृत्त होतील, किंवा त्यांच्यापैकी कुणाचं काही बरंवाईट झालं तर वारस मागतील, तेव्हा ३० दिवसांत द्यायचे असतात, आणि मृत्यूच्या वेळी पाच वर्षांची अटही नाही. म्हणून अकरावर जाणार असाल तर एलआयसीची गट ग्रॅच्युइटी योजना किंवा निदान एक वेगळं आवर्ती खातं याच वर्षी सुरू करा.

त्या दोघांना नेमणूक पत्र कधीच दिलेलं नसणार. ते आता द्या, आणि त्यात लागल्याची तारीख खरी लिहा, वडिलांच्या वेळची. आजची तारीख टाकून बारा वर्षं पुसायचा मोह होईल. पण त्या दोघांच्या जुन्या दिवाळीच्या फोटोत तुमच्या दुकानाची पाटी असते, शेजारचे दुकानदार साक्षीला असतात, आणि खोटी तारीख एकदा पकडली गेली की तुमच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ११ जणांची नावं, वयं, लागल्याच्या तारखा आणि सध्याचे पगार एका कागदावर लिहून काढा. कुठल्याही सल्लागाराकडे जा, पण तो कागद घेऊन जा. तासाभरात तुमचा आकडा निघेल.